कंटेनरमधले डेटा सेंटर : फायदे, तोटे आणि आपला हिशेब

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून उरण, पनवेल, कळंबोलीच्या रस्त्यांवर कंटेनर ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. माल वाहून थकलेला जुना कंटेनर विकत घ्यायचा, त्याला खिडकी-दार कापायचे, आतून पॅनेल मारायचे आणि साइट ऑफिस किंवा गोदाम म्हणून विकायचा, या धंद्यावर आपल्यातील कितीतरी वेल्डर, पत्रा कारागीर आणि भंगार व्यापारी घर चालवतात.

मागे अशाच एका फॅब्रिकेटर बांधवाने आम्हांला विचारले, "भाई, एक पार्टी आली आहे. कंटेनरमध्ये कॉम्प्युटर बसवायचे म्हणते. ऑफिस नको, गोदाम नको, 'डेटा सेंटर' पाहिजे म्हणते. हे काय प्रकरण आहे? काम घ्यावे की नाही?" त्याच सुमारास भिवंडीच्या एका सूत व्यापाऱ्याने वेगळीच शंका काढली. त्यांचा मुनीम सांगतो की सगळा हिशेब आता 'क्लाउड'वर आहे, आपल्या पेटीत काही नाही. "क्लाउड म्हणजे ढग. मग माझी उधारीची वही नेमकी कुठल्या ढगात आहे?" असा त्यांचा प्रश्न.

एकाला पेटी बनवायची आहे आणि दुसऱ्याची वही कदाचित अशाच एखाद्या पेटीत आहे. म्हणून दोघांना एकत्रच उत्तर देतो.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दुसऱ्याच्या जागेत ठेवलेले संगणक. या संगणकांना सर्व्हर म्हणतात. ते टेबलावर नसतात. लोखंडी कपाटासारख्या रॅकमध्ये एकावर एक रचलेले असतात. असे शेकडो-हजारो सर्व्हर, त्यांची वीज, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, बॅटऱ्या, जनरेटर आणि नेटवर्कच्या तारा जिथे एकत्र असतात ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात अशी मोठी केंद्रे आहेत. बाहेरून पाहिले तर खिडक्या नसलेला एखादा कारखाना वाटावा.

अशी इमारत उभारायला एक-दोन वर्षे सहज जातात. जमीन, नकाशा, परवानगी, वीजजोड, मग बांधकाम. आणि ग्राहकाला तर सर्व्हर पुढच्या महिन्यात हवे असतात. या घाईतून कंटेनरची कल्पना निघाली. इमारत जागेवर बांधण्याऐवजी कारखान्यात कंटेनरच्या आतच सगळे बसवायचे, ट्रेलरवर चढवायचे आणि जागेवर नेऊन वीज, पाणी आणि नेटवर्क अशा तीन जोडण्या द्यायच्या.

कल्पना कोणाची आणि किती जुनी

कंटेनरचा स्वतःचा इतिहास २६ एप्रिल १९५६ पासून धरतात. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने त्या दिवशी 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पुढे मापे ठरली. २० फूट आणि ४० फूट लांबी, ८ फूट रुंदी, साडेआठ फूट उंची. जगातील कोणतीही क्रेन, कोणताही ट्रेलर, कोणतेही जहाज ती पेटी उचलू शकते. मॅक्लीनची करामत पेटीत नव्हती, मापात होती, आणि संगणकवाल्यांना मोह पडला तो या मापाचाच.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने 'प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स' जाहीर केला. २० फुटी कंटेनर, आत आठ रॅक, भरल्यावर वजन सुमारे १२ टन. कंपनीने तो भूकंपाच्या कंपनमंचावर ठेवून १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपासारखे हादरेही देऊन पाहिले. गूगलने मात्र न बोलता काम आधीच केले होते. २००५ पासून गूगलचे एक केंद्र कंटेनरवर चालत होते, हे जगाला कळले १ एप्रिल २००९ रोजी. एका शेडमध्ये ४५ कंटेनर, प्रत्येकात १,१६० सर्व्हर. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने शिकागोजवळ एक प्रचंड केंद्र सुरू केले. त्याच्या तळमजल्यावर ट्रेलर सरळ आत येत आणि ४० फुटी कंटेनर उतरवून जात. इंटरनेटवरील जुनी पाने जपून ठेवणाऱ्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेने आपला संग्रह २००९ मध्ये सनच्या अशाच एका कंटेनरमध्ये ठेवला.

यातली एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. गूगलने काय, मायक्रोसॉफ्टने काय, कंटेनर शेवटी छपराखालीच ठेवले. म्हणजे इमारत टळली नाही, साधी झाली. कंटेनर उघड्या माळावर टाकला की काम झाले, असे समजून जे पुढे गेले त्यांच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

आतली उष्णता

फॅब्रिकेटर बांधवाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर एका आकड्यात आहे. गूगलच्या त्या एका कंटेनरची वीज २५० किलोवॅटपर्यंत होती. मालेगाव-भिवंडीच्या भाषेत सांगायचे तर, मागाला एक अश्वशक्तीची मोटर धरली तर तीनशेहून अधिक मागांची वीज ३२० चौरस फुटांत. माग निदान कापड तरी देतो. सर्व्हर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढायला सुमारे ७१ टनांची शीतयंत्रणा लागते. म्हणजे दीड टनाचे ४७-४८ एसी, रात्रंदिवस, एक क्षण न थांबता. थंडावा बंद पडला तर इतक्या लहान जागेत तापमान काही मिनिटांत चढते आणि सर्व्हर स्वतःहून बंद पडू लागतात. नाही पडले तर जळतात.

म्हणून या पेट्यांत घरगुती एसी लावत नाहीत. बाहेर चिलर असतो. तो पाणी थंड करतो. ते पाणी पाइपातून आत येते, रॅकच्या अगदी शेजारी असलेल्या गुंडाळीतून फिरते आणि पंखे हवा त्यावरून ढकलतात. जागा लहान असल्याचा येथे फायदाच होतो. मोठ्या हॉलमध्ये थंड हवा इकडेतिकडे वाया जाते, पेटीत तिला पळायला वाटच नसते. गूगलच्या त्या केंद्रात सर्व्हरना १०० युनिट वीज लागत असेल तर थंडावा आणि इतर गोष्टींना मिळून सुमारे २५ युनिट पुरत. त्या काळातील कितीतरी जुन्या केंद्रांत या दुसऱ्या खर्चाचा आकडा पहिल्याच्या बरोबरीला जात असे. वीज बिल भरणाऱ्या माणसाला यापलीकडे काही सांगायला नको.

फायदा कोणाला

पहिला फायदा वेळेचा, तो वर आलाच. कारखान्यात एकीकडे पेटी तयार होते आणि दुसरीकडे जागेवर ओटा, वीज आणि पाणी यांचे काम चालते. दोन्ही कामे एकाच वेळी होत असल्याने महिने वाचतात. शिवाय कारखान्यातले काम तपासून निघते. ज्या कारागिराने एकाच मापाच्या पन्नास पेट्या वायर केल्या आहेत, त्याची एक्कावन्नावी पेटी नवख्या जागेवर नव्या ठेकेदाराने केलेल्या कामापेक्षा नीटच होणार.

दुसरा फायदा भांडवलाचा. इमारत बांधताना पाच-दहा वर्षांनी किती लागेल याचा अंदाज करून आजच पैसा गाडावा लागतो. पेटीचे तसे नाही. गरज वाढेल तशी दुसरी, तिसरी आणता येते. दुकान चालेल की नाही हे माहीत नसताना चार गाळे घेणारा व्यापारी आणि एक गाळा घेऊन बाजाराचा रंग पाहणारा व्यापारी यांत जो फरक, तोच येथे.

तिसरा फायदा जिथे इमारत शक्यच नाही तिथला. तेलविहिरी, खाणी, लष्करी छावण्या, आपत्तीग्रस्त भाग. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच ठिकाणांसाठी फिरते केंद्र जाहीर केले. ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी आपले केंद्र पुढे आणले. येथे पैशाचा प्रश्न दुय्यम असतो. ज्याला वाळवंटात संगणक हवेत तो भाव करत बसत नाही.

सर्वांत चमत्कारिक प्रयोग मायक्रोसॉफ्टने समुद्रात केला. जून २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर भरलेले एक लोखंडी पिंप तळाशी सोडले. आत नायट्रोजन भरलेला, माणसाला प्रवेश नाही. जुलै २०२० मध्ये वर काढले तेव्हा जमिनीवरच्या तशाच सर्व्हरांच्या तुलनेत बिघाडाचे प्रमाण आठवा हिस्सा निघाले. प्राणवायू नाही, दमट हवा नाही आणि हात लावणारा माणूस नाही, ही कारणे सांगितली गेली. तरीही कंपनीने तो मार्ग पुढे धरला नाही, २०२४ मध्ये तसे स्पष्टही केले. प्रयोग यशस्वी होणे वेगळे आणि धंदा परवडणे वेगळे, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे.

तोटा कुठे लपला आहे

'फिरते' हा शब्द जाहिरातीत मोठा दिसतो. प्रत्यक्षात एकदा पाणी, वीज, जनरेटर आणि चिलर जोडून बसवलेली पेटी सहसा हलत नाही. हलवायची तर सगळे तोडा, क्रेन आणा, ट्रेलर आणा, नव्या जागी पुन्हा तेवढाच ओटा आणि तेवढीच वीज तयार ठेवा. चिलर आणि जनरेटर तर बहुधा वेगळ्याच पेटीत किंवा उघड्यावर असतात, त्यांचा हिशेब कोटेशनमध्ये कुठे आहे ते शोधावे लागते. स्वस्त वाटलेली पेटी महाग पडते ती याच जागी.

दुसरी अडचण रुंदीची. बाहेरून ८ फूट, आतून सुमारे ७ फूट ८ इंच. रॅक साडेतीन-चार फूट खोल. उष्णतारोधक थर धरला तर माणसाला उभे राहायला तीन फूटही धड उरत नाहीत. पुढून सर्व्हर काढायचा आणि मागून वायर लावायची, म्हणून रॅकच्या दोन्ही बाजूंना जागा हवी. सनने यावर रॅकच सरकते केले होते. बिघाड झाला की अख्खा रॅक मधल्या वाटेत ओढायचा. युक्ती चांगली, पण दोन मिस्त्री एकाच वेळी काम करू शकत नाहीत.

तिसरी अडचण आपल्या हवेची. लोखंडी पत्रा, वर मे महिन्याचे ऊन, आत कृत्रिम थंडी. पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते. किनाऱ्यावर त्यात मीठ मिसळते. कोकणातल्या कोणाही गॅरेजवाल्याला विचारा, खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडाचे काय होते.

पण खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो स्ट्रासबुर्गच्या आगीने दाखवला.

स्ट्रासबुर्गची रात्र

फ्रान्समधील ओव्हीएच ही युरोपातील मोठी क्लाउड कंपनी. जर्मनीच्या सीमेवर, ऱ्हाईन नदीकाठी स्ट्रासबुर्ग येथे तिने आपले केंद्र सुरू केले ते घाईत. पहिला भाग, एसबीजी-१, मालवाहू कंटेनर रचूनच उभारला होता. शेजारी एसबीजी-२ नावाची पाच मजली इमारत झाली. पुढे एसबीजी-४ हा भागही कंटेनरांचाच झाला. गरज वाढत गेली तसतशी भर पडत गेली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एका सकाळी तेथील वीज गेली आणि जनरेटर आपोआप सुरू झाले नाहीत. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव क्लाबा यांनी तेव्हा खुलेपणाने मान्य केले की या केंद्राची वीजव्यवस्था सुरुवातीच्या लहान बेताने आखलेली होती आणि तेच दोष पुढे वाढले. कंटेनरचे दोन्ही भाग काढून टाकू, असेही त्यांनी जाहीर केले. चूक कबूल करणे सोपे नसते. परंतु कबुली आणि दुरुस्ती यांत अंतर असते. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री एसबीजी-१ तिथेच उभा होता.

त्या रात्री आग एसबीजी-२ मध्ये लागली. यूपीएसच्या खोलीपासून ती सुरू झाल्याचा संशय होता. त्यातील एका यूपीएसची दुरुस्ती आदल्याच दिवशी झाली होती. शंभरावर अग्निशामक जवान आले, नदीतून बोटीनेही पाण्याचा मारा झाला. अग्निशमन दलाच्या नंतरच्या अहवालातील गोष्टी वाचताना अंगावर काटा येतो. आपोआप आग विझवणारी यंत्रणा नव्हती. सगळी वीज एका ठिकाणाहून तोडण्याची सोय नव्हती. वीज बंद करायलाच सुमारे तीन तास लागले. मजल्यांच्या बांधणीत लाकूड होते, ते तासभर आग सोसेल एवढ्याच क्षमतेचे. पाच मजली इमारत पूर्ण खाक झाली. शेजारच्या कंटेनरांच्या एसबीजी-१ मधील बारापैकी चार खोल्या जळाल्या. सुदैवाने कोणी माणूस दगावला नाही.

न्यायाने सांगायचे तर आग कंटेनरमध्ये लागली नव्हती. तिचा दोष पेटीच्या माथी मारता येत नाही. पण लोखंडी पेट्या म्हणून त्या सुटल्या असेही झाले नाही. नऊ दिवसांनी उरलेल्या भागात बॅटऱ्यांमधून पुन्हा धूर निघाला आणि मग एसबीजी-१ कधीच सुरू करायचा नाही असे ठरले. म्हणजे २०१७ मध्ये ठरवलेले काम आगीने २०२१ मध्ये करून घेतले.

नुकसान कोणाचे झाले? कंपनीचे झालेच. परंतु लाखो संकेतस्थळे बंद पडली, त्यांत दुकानदार, हिशेबनीस, सरकारी कार्यालये सगळे होते. एका प्रसिद्ध संगणकीय खेळाच्या युरोपातील २५ सर्व्हरांवरील माहिती कायमची गेली. कितीतरी ग्राहकांना त्या दिवशी प्रथमच कळले की आपल्या माहितीची दुसरी प्रत आपण घेतलेलीच नव्हती. कंपनी घेत असेल असे ते धरून चालले होते. काहींनी तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते. अशाच एका ग्राहक कंपनीच्या दाव्यात लील येथील व्यापारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ओव्हीएचला भरपाईचा आदेश दिला. करारात बॅकअप मूळ जागेपासून वेगळा ठेवू असे लिहिले होते, प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता.

हे वाचताना आम्हांला २६ जुलै २००५ ची आठवण झाली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. कुर्ल्यातील आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यांनी हिशेब संगणकावर घेतला होता आणि दर शुक्रवारी न चुकता सीडीवर प्रत काढत. मोठा शिस्तीचा माणूस. सीडी ठेवत त्याच टेबलाच्या खणात. पाणी छातीपर्यंत चढले तेव्हा संगणक आणि सीडी दोन्ही एकाच गाळात गेले. पुढची दोन वर्षे ते उधारी लोकांच्या इमानावर वसूल करत होते. काहींनी दिली, काहींनी "चाचा, माझा हिशेब तर चुकता झाला होता" म्हणून हात वर केले. कुर्ल्याचा खण आणि स्ट्रासबुर्गची इमारत, चूक एकच.

कंटेनरमध्ये ही चूक करणे फार सोपे जाते. सर्व्हर, बॅटरी, वीजफलक आणि बॅकअप सगळे एका छताखाली, एका दाराच्या आत मावते, म्हणून ठेवले जाते. शेजारी दुसरी पेटी ठेवली तर तीही हाताच्या अंतरावर. पेटी जितकी आटोपशीर, तितके एका ठिणगीत जाणारे जास्त.

पेटी बनवणाऱ्यांसाठी

आता आमच्या फॅब्रिकेटर बांधवाकडे परत येऊ. काम घ्यावे, पण साइट ऑफिसचे काम समजून घेऊ नये. कंटेनरवर कंटेनर रचतात तेव्हा वरचे वजन चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली जाते, आणि पन्हळी भिंत त्या खांबांना सरळ धरून ठेवते. दारासाठी किंवा पाइपासाठी भिंत मोठी कापली आणि चौकट घालून मजबुती दिली नाही, तर पेटी उचलताना वाकते. शिवाय मालवाहू कंटेनरवर सुरक्षिततेची एक धातूची पट्टी असते, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे. भिंत कापल्यावर ती पट्टी खरी राहत नाही. पुन्हा तपासणी करून घेतल्याशिवाय ती पेटी जहाजावर इतर मालासारखी चढत नाही. पार्टीला पेटी परदेशी पाठवायची असेल तर हे पहिल्याच दिवशी विचारावे, नाहीतर भांडण शेवटच्या हप्त्याच्या वेळी होईल.

जुन्या कंटेनरची जमीन लाकडी प्लायवूडची असते आणि तिला किडीविरुद्ध औषध लावलेले असते. माणसांनी तासन् तास काम करायच्या आणि वीज खेळणाऱ्या पेटीत ती ठेवू नये. भिंतीत पफ भरणे स्वस्त आणि सोपे, पण पफ जळतो. रॉकवूल जड आणि महाग, पण जळत नाही. स्ट्रासबुर्गच्या लाकडाची गोष्ट सांगून पार्टीकडून रॉकवूलचा भाव मागावा. समजदार पार्टी देईल. बॅटऱ्यांची खोली वेगळी, मध्ये आगरोधक भिंत, आणि सगळी वीज बाहेरून एका हाताने तोडता येईल असा स्विच, एवढे नकाशात नसेल तर आपणहून सुचवावे. आग विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडणारी यंत्रणा बसवत असतील तर विशेष सावध राहावे. बंद पेटीत तो वायू आगीबरोबर आतल्या माणसालाही विझवतो. दार आतून ढकलताच उघडले पाहिजे आणि वायू सुटण्यापूर्वी भोंगा वाजला पाहिजे.

ओटा उंच हवा. किती उंच, ते त्या गल्लीत पाणी कुठवर चढते हे पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवावे. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये सर्व्हर वरच्या मजल्यांवर कोरडे राहिले, पण डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले. एका इमारतीत लोकांनी सतरा मजले जिना चढत बादल्यांनी डिझेल वर नेले. पेटी उंच आणि जनरेटर खड्ड्यात, असे आपल्याकडेही पाहायला मिळते.

या धंद्यात एसीवाल्यांना, पाइप जोडणाऱ्यांना, अर्थिंग आणि केबल ट्रे करणाऱ्यांना वेल्डरपेक्षा जास्त काम आहे, आणि ते एकदाच होऊन संपत नाही. चिलर दर महिन्याला कोणीतरी पाहावा लागतो. देखभालीचा करार वेगळा करून घ्यावा. पेटीत तो फुकट गुंडाळून देऊ नये.

वही ठेवणाऱ्यांसाठी

सूत व्यापाऱ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचे ते इतकेच. माझा हिशेब कोणत्या शहरातील केंद्रात आहे? त्याची दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे? "दुसऱ्या सर्व्हरवर" हे उत्तर चालणार नाही, शहराचे नाव पाहिजे, आणि ते बिलावर किंवा करारावर लिहून पाहिजे. बॅकअप माझ्या पैशात धरला आहे की वेगळा घ्यायचा? आणि तो परत बसवून दाखवता का? बॅकअप आहे म्हणणारे पुष्कळ, तो उघडून दाखवणारे थोडे. महिन्यातून एक दिवस जुन्या तारखेचा हिशेब परत काढून दाखवायला सांगावे.

कायद्याचेही थोडे आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ज्यांनी धंदा कंपनी म्हणून नोंदवला आहे आणि हिशेब संगणकावर ठेवतात, त्यांना २०२२ पासून रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. अधिकारी दारात आल्यावर फ्रान्समधील आग दाखवून सुटका होत नाही.

स्वतःसाठी पेटी घ्यावी का, असेही काही वाचक विचारतील. आपल्यापैकी बहुतेकांच्या हिशेबाला एक रॅकसुद्धा लागत नाही, पेटी कशाला? शंभर-दोनशे माग, दोन गोदामे, चार दुकाने असा पसारा असला तरी भाड्याचा क्लाउड आणि एक स्वतःची प्रत पुरते. स्वतःची प्रत म्हणजे एक बाहेरची हार्ड डिस्क. आठवड्याला ती भरावी, काढून घ्यावी, आणि दुकानात न ठेवता घरी न्यावी. घर दुकानाच्या माडीवरच असेल तर बहिणीच्या, मेहुण्याच्या घरी, दुसऱ्या मोहल्ल्यात. भिवंडीचे ते व्यापारी हे ऐकून हसले आणि म्हणाले, "म्हणजे क्लाउड माझ्या सासुरवाडीत." त्यांनी त्याच शुक्रवारी डिस्क घेतली.